परक्याच्या नावाचे घर

फ्रेंच साहित्य अनुवादातून वाचणाऱ्याला ‘ओतेल’ हा शब्द हटकून चकवतो. बाल्झाकच्या सरदारपत्नी ‘ओतेला’त राहतात, प्रूस्तच्या गेरमाँत घराण्याचेही ‘ओतेल’ असते आणि पॅरिसमध्ये नगरपालिकेच्या मुख्य इमारतीलाही ‘ओतेल द व्हिल’ असे म्हणतात. यांपैकी कशाचाही मुक्कामाच्या हॉटेलाशी संबंध नाही. ‘ओतेल पार्तिक्युलिए’ म्हणजे शहरातले, एका कुटुंबाच्या वापरासाठी बांधलेले प्रतिष्ठित घर. मराठीत त्याला ‘वाडा’ म्हणण्याचा मोह होतो, आणि काही अंशी ते योग्यही आहे; परंतु वाड्याचा चौक घराच्या पोटात असतो, ओतेलचे अंगण घराच्या पुढे. रस्त्याच्या कडेला भिंत किंवा बुटकी इमारत, तिच्यात घोडागाडी जाईल एवढा दरवाजा, आत फरसबंद अंगण, दोन्ही हातांना तबेला, स्वयंपाकघर, नोकरांच्या खोल्या, समोर मालकाचे मुख्य घर आणि त्याच्या पाठीमागे बाग. ‘अंगण आणि बाग यांच्यामध्ये’ हेच या वास्तुप्रकाराचे रूढ फ्रेंच वर्णन आहे. अशा घराची श्रीमंती रस्त्याला दिसत नाही. ती पाहण्याचा अधिकार दरवाजातून आत घेतलेल्यालाच असतो.

पॅरिसच्या ‘ल मारे’ भागातील ओतेल कार्नाव्हाले हे या प्रकारातील सर्वांत जुन्या, आजही उभ्या असलेल्या घरांपैकी एक. आज ते पॅरिस शहराच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. प्रवासी पुस्तकांत त्याची ओळख ‘सोळाव्या शतकातील रेनेसाँ वास्तू’ आणि ‘मादाम द सेव्हिन्येचे घर’ अशा दोन शब्दप्रयोगांत उरकली जाते. दोन्ही विधाने खोटी नाहीत. तरी या घराचा इतिहास बारकाईने वाचू लागलो की जुन्या पोथीचा अभ्यास करताना येतो तसा अनुभव येतो. मूळ संहिता कोणती, प्रक्षेप कोणता, लेखनिकाची दुरुस्ती कुठली, हे वेगळे काढता काढता एका टप्प्यावर लक्षात येते की प्रक्षेप काढून टाकले तर हाती पोथीच उरत नाही.

घराची जमीन मुळात एका मठाची होती. सेंत-कातरीन मठाच्या या शेतजमिनीचे १५४० च्या दशकात भूखंड पाडून विकण्यात आले, आणि पॅरिसच्या ‘पार्लमाँ’चा, म्हणजे उच्च न्यायसभेचा, एक अध्यक्ष झाक दे लिन्येरी याने तेथे जागा घेतली. पहिला फ्रांस्वा याचा प्रतिनिधी म्हणून त्रेंतच्या धर्मपरिषदेला जाऊन आलेला हा गृहस्थ. इटलीच्या वाऱ्याचा स्पर्श झालेल्या पिढीचा तो प्रतिनिधी होता असे म्हटले तर चूक होणार नाही. बांधकाम १५४८ मध्ये सुरू झाले. आराखडा पिएर लेस्कोचा आणि शिल्पे झाँ गुजोंची, असे परंपरा मानते. त्याच सुमारास हे दोघे लूव्हर राजवाड्याच्या नव्या भागावर काम करीत होते, त्यामुळे हे श्रेय संभाव्य वाटते. परंतु ते शैलीवरून दिलेले श्रेय आहे हे विसरता कामा नये. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रकार परिचयाचा आहे. एखाद्या अभंगाची धाटणी पाहून आपण तो ज्याच्या नावावर लावतो, त्याच्या घराण्यातील शिष्याने तो रचलेला असू शकतो.

अंगणात उभे राहून समोरच्या मुख्य घराकडे पाहिले की पहिल्या मजल्याच्या खिडक्यांमध्ये चार उंच उठावशिल्पे दिसतात: वसंत, ग्रीष्म, शरद आणि हेमंत. प्रत्येक ऋतूच्या डोक्यावर त्याच्या राशीचे चिन्ह आहे. ही गुजोंच्या शिल्पशाळेची म्हणून ओळखली जातात. वस्त्रांच्या चुण्या ओल्या कापडासारख्या अंगाला चिकटलेल्या आणि तरीही अंग झाकणाऱ्या. गुजोंने ‘निष्पापांच्या कारंज्या’वर कोरलेल्या अप्सरांशी त्यांचे नाते लगेच ध्यानात येते. एका न्यायाधीशाच्या घरावर देव, संत किंवा घराण्याची चिन्हे यांऐवजी वर्षाचे चक्र कोरलेले असावे ही गोष्ट मला त्या शिल्पांच्या कारागिरीपेक्षाही अर्थपूर्ण वाटते.

दे लिन्येरी १५५६ मध्ये मरण पावला. घर त्याच्या नावाने ओळखले गेले असते, तर तो न्याय झाला असता. तसे झाले नाही. १५७८ मध्ये ते फ्रांस्वाझ द ला बोम या विधवेने विकत घेतले. तिचा पती फ्रांस्वा द केर्नेव्हनॉय हा ब्रेतों सरदार. पुढे तिसरा हेन्री म्हणून राजा झालेल्या राजपुत्राचा तो पालक-शिक्षक होता. ‘केर्नेव्हनॉय’ हे ब्रेतों भाषेतील नाव पॅरिसच्या जिभेला पेलले नाही. तिने त्याचे ‘कार्नाव्हाले’ करून टाकले. गंमत अशी की तो १५७१ मध्येच वारला होता. म्हणजे घर विकत घेतले त्याच्या सात वर्षे आधी. ज्याच्या नावाने हे घर साडेचार शतके ओळखले जात आहे तो या घराचा मालक कधीच नव्हता, आणि ते नावही त्याचे खरे नाव नव्हे.

अपभ्रंश इतका पक्का झाला की दगडानेही तो मान्य केला. मुख्य दरवाजाच्या कमानीच्या माथ्यावर समृद्धीची एक लहानशी मूर्ती आहे. तिच्या पायाखाली मुळात गोल होता. पुढे कोणीतरी त्या गोलाचा मुखवटा कोरवून घेतला: कार्नाव्हाले, म्हणून कार्निव्हलचा मुखवटा. चुकीच्या उच्चारावर केलेली कोटी दगडात गेली आणि तीच आज घराची खूण मानली जाते. भाषाशास्त्रज्ञ ज्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात तिचे इतके टिकाऊ उदाहरण शोधून सापडणार नाही.

यानंतरचा मोठा हात फ्रांस्वा मांसार या वास्तुकाराचा. १६५४ मध्ये क्लोद बुआलेव्ह नावाच्या अर्थखात्यातील अधिकाऱ्याने घर घेतले आणि १६६० मध्ये मांसारला ते वाढवायला सांगितले. मांसार हा अवघड माणूस. स्वतःचेच अर्धे झालेले बांधकाम पाडून पुन्हा उभारण्याबद्दल त्याची ख्याती होती, आणि त्याच्या उधळेपणावर पॅरिसमध्ये उपहासात्मक पत्रक निघाले होते. अशा वास्तुकाराने या ठिकाणी मात्र संयम पाळला. रस्त्याकडच्या बुटक्या इमारतीवर त्याने मजला चढवला, अंगणाच्या दोन बाजूंचे भाग उंच केले, नवीन शिल्पांचे काम जेरार व्हान ऑब्स्टाल या फ्लेमिश शिल्पकाराला दिले. परंतु गुजोंचा दरवाजा आणि ऋतूंची भिंत यांना धक्का लावला नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कामाचे मोल ओळखून त्याच्या भोवती आपले काम बसवणे ही त्या काळात सर्रास आढळणारी वृत्ती नव्हती. आजचे अंगण म्हणजे या दोन शतकांमधला संवाद आहे. समोर गुजोंचे ऋतू आणि बाजूच्या भिंतींवर त्यांना उत्तर म्हणून व्हान ऑब्स्टालच्या आकृती. नंतरच्या शिल्पांना पूर्वसूरींची सर नाही हे कोणालाही दिसेल. तरी ती नसती तर अंगण मुके वाटले असते.

बुआलेव्हला या वैभवाचा उपभोग फारसा मिळाला नाही. तो अर्थमंत्री निकोला फूकेच्या गोटातला. १६६१ मध्ये चौदाव्या लुईने फूकेला अटक केली आणि त्याच्याबरोबर त्याच्या माणसांचीही पडझड झाली. घर भाड्याने देण्याची वेळ आली ती त्यानंतर, आणि तेव्हाच या वास्तूत साहित्याचा प्रवेश झाला.

मारी द राब्युतँ-शांताल, मार्कीझ द सेव्हिन्ये, १६७७ च्या शरदात येथे राहायला आली. तिचा जन्म १६२६ मध्ये जवळच्याच प्लास रुआयालमधला, म्हणजे आजच्या प्लास दे व्होजमधला. तेव्हा आपल्या मोहल्ल्यातच ती घर बदलत होती. त्या ऑक्टोबरात मुलीला लिहिलेल्या पत्रात तिने या घराचे वर्णन केले आहे. सुंदर अंगण, सुंदर बाग, चांगला शेजार, आणि सगळे कुटुंब एका छपराखाली मावण्याइतकी जागा. त्याच वेळी एक उणीवही ती सांगते: नव्या पद्धतीची लाकडी जमीन नाही आणि नव्या फॅशनच्या लहान शेकोट्याही नाहीत, तेवढे सोसले पाहिजे. वास्तुइतिहासकाराला हे वाक्य सोन्यासारखे आहे. मांसारच्या दुरुस्तीनंतर सतरा वर्षांतच घर आतून जुनाट ठरू लागले होते, हे त्यातून कळते. दर्शनी भाग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. खोलीचे आयुष्य मात्र शेकोटीच्या फॅशनएवढे असते. ती लाडाने या घराला ‘कार्नाव्हालेत’ म्हणे. परक्याच्या बिघडलेल्या नावाला तिने दिलेले हे आणखी एक रूप.

ती येथे १६९६ पर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षे, भाडेकरू म्हणून राहिली. घरासमोरच्या रस्त्याला आज तिचे नाव आहे. मालकांपैकी कोणाचेही नाही. साहित्याने मालमत्तेवर मिळवलेला हा विजय आहे असे म्हणून आपल्यासारख्या मंडळींनी हुरळून जायला हरकत नाही. परंतु येथे एक अडचण उभी राहते, आणि ती मला या सगळ्या प्रकरणातील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट वाटते.

सेव्हिन्येची पत्रे जन्मली ती विरहातून. मुलगी फ्रांस्वाझ-मार्गरीत १६६९ मध्ये कोंत द ग्रिन्याँ यांना दिली आणि १६७१ मध्ये ती पतीच्या मागे दूर प्रोव्हाँसला गेली. त्या दिवसापासून आईने लिहायला घेतले. कार्नाव्हालेचे मोठे घर घेण्यामागे हेतू हाच होता की मुलगी-जावई पॅरिसला आले की त्यांना येथे राहता यावे. हेतू सफल झाला. १६८० च्या अखेरीस ग्रिन्याँबाई पॅरिसला आल्या आणि मधला सेव्हिन्येच्या ब्रिटनीमधील मुक्कामाचा काळ सोडता १६८८ पर्यंत आईबरोबर राहिल्या. परिणाम काय? मुलीला लिहिलेली पत्रे थांबली. ज्या वर्षांत या भिंतींच्या आत तिचे आयुष्य सर्वांत भरलेले होते, त्या वर्षांबद्दल तिच्याकडून आपल्याला सर्वांत कमी कळते. १६८८ च्या ऑक्टोबरात मुलगी पुन्हा प्रोव्हाँसला गेली, आणि लगेच लेखणी वाहू लागली: इंग्लंडच्या दुसऱ्या जेम्सचे फ्रान्सला येणे, सँ-सीरच्या मुलींनी केलेला रासीनच्या ‘एस्तेर’चा प्रयोग, सगळे पुन्हा कागदावर आले. म्हणजे ‘सेव्हिन्येचे घर’ ही पाटी वाचून आपण ज्या लेखिकेला शोधायला जातो, ती या घरात मुलगी नसतानाच लेखिका होती. घर भरले की ती फक्त आई होत असे. लेखकांच्या घरांना भेटी देणाऱ्यांनी या बाबीचा अवश्य विचार करावा.

मृत्यूही तिला या घरात आला नाही. १६९६ च्या एप्रिलमध्ये ती मुलीच्या ग्रिन्याँ येथील गढीत वारली. मुलीची उत्तरे उरली नाहीत. आईच्या पत्रांच्या अठराव्या शतकातील संपादकाने, पेरँ नावाच्या सरदाराने, ती घासूनपुसून सभ्य केली. मूळ कागद नाहीसे झाले. पुढे १८७० च्या दशकात शार्ल काप्मास या दीजोंच्या प्राध्यापकाला एक जुनी नक्कल सापडली, तेव्हा मांसारने चढवलेल्या मजल्याखालची गुजोंची भिंत दिसावी तसे पत्रांचे अधिक जुने रूप दिसू लागले. पेरँने मात्र मांसारचा संयम पाळला नव्हता, हा फरक.

अठराव्या शतकाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात येथे पूल व रस्ते बांधणीच्या अभियंत्यांची शाळा होती, नंतर मुलांची खासगी निवासी शाळा. सरदारांनी तोवर ल मारे सोडून नदीपलीकडे आणि पश्चिमेकडे मुक्काम हलवला होता. जुन्या ओतेलांच्या अंगणांत कारागिरांच्या टपऱ्या आणि गोदामे उठली होती. अशा स्थितीत या घराचे भवितव्य सरळ होते: पडझड किंवा पाडकाम.

ते वाचले ते पाडकाम करणाऱ्याच्याच शब्दावर. १८५३ ते १८७० या काळात सेन जिल्ह्याचा प्रशासक असलेल्या बारों ओसमानने पॅरिसमधील जुन्या वस्त्या उभ्या-आडव्या कापून रुंद सरळ रस्ते काढले. नोत्र-दामच्या भोवतालचे बेटावरचे मध्ययुगीन शहर त्याने जवळजवळ पुसून टाकले. बोदलेअरची ‘हंस’ ही कविता १८६० मध्ये प्रसिद्ध झाली, ती याच बदलत्या शहराच्या व्यथेतून आलेली आहे. आणि याच ओसमानच्या सल्ल्यावरून १८६६ मध्ये पॅरिस नगरपालिकेने कार्नाव्हाले विकत घेतले, शहराच्या इतिहासाचे संग्रहालय करण्यासाठी. शहराच्या इतिहासाची ग्रंथमालाही त्याच वर्षी सुरू झाली. पाडल्या जाणार असलेल्या गल्ल्यांची छायाचित्रे काढण्यासाठी शार्ल मारव्हील याची नेमणूक झाली ती याच कारभारात.

याला पश्चात्ताप म्हणावे की सबब? मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. पाडणे आणि जपणे ही तेथे एकाच कार्यालयाची दोन टेबले होती. जी गल्ली पाडायची तिचे छायाचित्र काढून ठेवले की पाडायला मन धजावते. आणि पाडून झाले की त्या छायाचित्राला मोल येते. ही रीत ओसमानची स्वतःची म्हणताही येणार नाही. बास्तीय किल्ला पाडण्याचा मक्ता घेतलेल्या पालुआ नावाच्या कंत्राटदाराने त्याच दगडांतून किल्ल्याच्या छोट्या प्रतिकृती कोरवून फ्रान्सच्या सगळ्या जिल्ह्यांना पाठवल्या होत्या. तशी एक प्रतिकृती या संग्रहालयातच आहे.

संग्रहालय उघडण्याआधीच त्याच्या भावी संग्रहावर घाला पडला. मे १८७१ मध्ये कम्यूनच्या अखेरच्या दिवसांत ओतेल द व्हिल जळाले आणि त्यात नगरपालिकेचे ग्रंथालय राख झाले. तेव्हा झ्यूल कूझँ या ग्रंथपालाने स्वतःचा खासगी संग्रह, सुमारे सहा हजार पुस्तके आणि हजारो मुद्राचित्रे, शहराला देऊन टाकला. या घराच्या इतिहासात ज्यांची नावे रस्त्यांना वा दरवाजांना लागली त्यांच्यापेक्षा हा माणूस मला अधिक आदरणीय वाटतो. १८८० मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

त्यानंतर घर वाढत गेले, आणि वाढले ते इतर घरांच्या अवयवांनी. बागेच्या भोवती बांधलेल्या नव्या भागांत पाडलेल्या इमारतींचे तुकडे बसवण्यात आले. बेटावरच्या जुन्या न्यायवाड्याच्या परिसरातील सोळाव्या शतकातील नाझारेत कमान, कापडव्यापाऱ्यांच्या संघाच्या सतराव्या शतकातील कचेरीचा दर्शनी भाग, श्वाझल मंडप. अंगणाच्या मध्यभागी कुआझव्हॉक्सने घडवलेला चौदाव्या लुईचा ब्राँझचा पुतळा उभा आहे. तोही मूळचा येथला नाही. तो ओतेल द व्हिलसाठी केलेला. त्याचे अनावरण झाले १४ जुलै १६८९ रोजी, बास्तीयच्या पाडावाच्या बरोबर शंभर वर्षे आधी. क्रांतीत राजांचे पुतळे वितळवले गेले त्यातून तो कसाबसा बचावला.

आतही तोच प्रकार. ल ब्रँने रंगवलेली छते प्लास दे व्होजमधील एका ओतेलची, लदूने सजवलेले दालन एका कॉफीगृहाचे, आल्फोन्स मुखाने १९०० च्या सुमारास रचलेले जवाहिऱ्याचे दुकान रू रुआयालवरचे. १९८९ मध्ये शेजारचे ल पलतिए द सँ-फार्जो ओतेल संग्रहालयाला जोडण्यात आले. २०१६ ते २०२१ अशी पाच वर्षे बंद राहून, दुरुस्त होऊन संग्रहालय पुन्हा उघडले. संग्रहातील वस्तूंची संख्या आता सहा लाखांवर आहे.

कात्रमेर द कँसी याने १७९६ मध्येच आक्षेप घेतला होता की कलाकृती तिच्या जागेवरून उचलली की तिचा अर्थ मागेच राहतो. तत्त्वतः तो मला मान्य आहे. छत म्हणजे केवळ रंगवलेला पृष्ठभाग नव्हे. कोणत्या खिडकीतून उजेड येतो आणि कोणत्या दरवाजातून माणूस आत शिरतो यावर त्याची रचना बेतलेली असते. कार्नाव्हालेत ते छत एका दालनापुढे दुसरे दालन अशा ओळीत येते आणि शतके खोल्यांसारखी ओलांडता येतात असा भ्रम होतो. तरीही कँसीच्या युक्तिवादाला येथे एक विचित्र मर्यादा पडते. या वस्तूंपैकी अनेकांची जागाच उरलेली नव्हती. त्यांच्यापुढचा पर्याय ‘मूळ स्थान’ हा नव्हता, मलब्याचा ढीग हा होता. शिवाय ज्या घरात त्या आल्या त्या घरालाही शुद्ध असे मूळ रूप नव्हते. गुजोंच्या भिंतीवर मांसारचा मजला चढू शकतो, तर बागेत कापडव्यापाऱ्यांची भिंत का उभी राहू नये? मला खटकते ते एवढेच की घाईतल्या प्रेक्षकाला सांधे दिसत नाहीत. चांगल्या संपादित संहितेत पाठभेद तळटीपेत दिलेले असतात. दगडाला तशी सोय नाही, आणि भिंतीवरच्या पाट्या फार थोडे लोक थांबून वाचतात.

संग्रहालयात सेव्हिन्येचे क्लोद लफेव्हरने काढलेले तैलचित्र आहे. याच छपराखाली, तिच्यानंतर दोन शतकांहून अधिक काळाने लिहिणाऱ्या मार्सेल प्रूस्तच्या शयनगृहातील सामानही मांडलेले आहे: साधा पितळी पलंग, जवळची टेबले, आणि आवाज अडवण्यासाठी भिंतींना लावलेल्या बुचाच्या लाकडाची आठवण. त्याच्या कादंबरीतील आजीला सेव्हिन्येची पत्रे सर्वांत प्रिय असतात. आजी गेल्यावर आई तीच पुस्तके जवळ बाळगते. विरहात लिहिलेली आईची पत्रे दुसऱ्या एका विरहात वाचली जातात. प्रूस्त या घरात कधी राहिला नाही. बुचाच्या भिंती त्याने लावून घेतल्या त्या १०२ क्रमांकाच्या इमारतीत, आणि ती इमारत ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव बुलव्हार ओसमान.